बियाण्याचा चणा

तर तो शिपाई शेवटी उठलाच. काल आपण इथंच थांबलो होतो, नाही का? अकोल्याचा मोठा दवाखाना, बाळंतिणींच्या वॉर्डासमोर एकच खुर्ची, तिच्यावर शिपाई. शेजारची भागीरथा नऊ महिने भरलेली, भिंतीला टेकून उभी. आणि जमुनाबाई कमरेला पदर खोचून शिपायासमोर. शिपाई म्हणाला, "हे स्टाफची खुर्ची हाय, बाई." जमुनाबाई म्हणाल्या, "बरं. मंग तू स्टाफ हायस नं? तं तूच धर हिले, मी दमली." आणि भागीरथेचा हात खरंच त्याच्या खांद्यावर ठेवून दिला! त्याच घडीला त्या पोरीला कळ आली. तिनं त्याचा खांदा असा आवळला, की शिपाई खुर्चीतून उठला तो थेट डॉक्टरीणबाईंना घेऊनच परत आला.

हसायला येतं. गावातही कित्येक दिवस हसत होते. पण खरी गोष्ट त्या खुर्चीची नव्हतीच. भागीरथेला मुलगी झाली, पोर जरा अशक्त निघाली, आणि जमुनाबाई एका दिवसाऐवजी तीन दिवस अकोल्यात अडकल्या. त्या तीन दिवसांत त्यांचे मालक महादेवराव घरी एकटे होते. खरी गोष्ट तिथं घडत होती.

जमुनाबाई परवाच्या पौषात गेल्या. सकाळी चहा टाकला आणि गेल्या, कोणाला पाणीसुद्धा विचारायची पाळी आणली नाही. तेरवीला माणूस मावत नव्हतं. जो उठेल तो एकच सांगे, "बाई भारी हिंमतीची. भेव म्हनून मालूम नव्हतं तिले." कोपऱ्यात बसलेले महादेवराव ऐकत होते आणि मान हलवत होते. ती मान होकाराची होती की नकाराची, हे कोणी विचारलं नाही.

भिण्याचं खातं त्या घरात महादेवरावांकडं होतं. हिवरखेडच्या अलीकडं, पांदणीनं आत गेलं की त्यांचं गाव. काळ्या मातीचं सहा एकर शेत, विहीर, चार खोल्यांचं घर. माणूस सरळ, कष्टाळू, सातवीपर्यंत शिकलेला, पण भित्रा असा की विचारू नका. विजेच्या मोटरीचं बटण दाबताना लाकडी पाटावर उभे राहत. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आणि सारा रस्ता त्याला सांगत, "बापा, हळू. बापा, पुढं बैल हाय." लग्न होऊन जमुनाबाई दर्यापूरकडून इकडं आल्या, तेव्हा नवरी अठरा वर्षांची होती. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीत साप निघाला, तर नवरदेव खाटेवर आणि नवरी हातात चिमटा घेऊन दारात. तो चिमटाही सापासाठी नव्हता म्हणे. ती चुलीवरची भाकर उलटवत होती, तशीच उठून आली होती. साप गेला आपल्या वाटेनं. भाकर मात्र करपली, आणि महादेवरावांनी ती एक शब्द न बोलता खाल्ली.

घर सांभाळून जमुनाबाईंनी गाव सांभाळलं. लेकरांना पोलिओचे थेंब पाजायला पाळण्याजवळ त्या, कोणाची सासू पडली तर खाटेच्या एका पायाशी त्या, बाळंतिणीसोबत दवाखान्यात त्याच. मुलगा नितेश अमरावतीला राजापेठेत गणिताचे क्लास घेतो. त्याला मुलगी झाली तेव्हा जमुनाबाई दोन महिने तिथं राहिल्या. दोन महिन्यांत त्या इमारतीत कोणाला बीपी आहे, कोणाची सून माहेरी गेली आणि का गेली, आणि कोणत्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडता येत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक. त्या गर्दीत, दोन्ही बाजूंनी गाड्या भणभणत असताना, त्या हात वर करून मधोमध उभ्या राहत आणि म्हाताऱ्याला पार नेत. नितेश खिडकीतून पाहून डोळे मिटून घेई. बापाचाच मुलगा तो.

पण त्यांचं खरं काम होतं धान्य निवडण्याचं.

गावात हनुमान जयंतीला भंडारा असतो. घरोघरून धान्य येतं. कोणाचे गहू, कोणाची डाळ, कोणाचा गूळ. आठ दिवस आधीपासून मारुतीच्या मंडपात बाया निवडायला बसतात. आणि या गावात एक रीत आहे, जी शेजारच्या गावात नाही. नैवेद्य झाला, पानं वाढून झाली, तरी कोणी घास उचलत नाही. ज्या बाईनं निवडणं सांभाळलं, ती पंगतीच्या तोंडाशी एकटी बसते. ती पहिला घास खाते. मग म्हणते, "बसा." तेव्हाच पंगत जेवायला लागते. पणज्याच्या काळात म्हणे ज्वारीत धोत्र्याचं बी आलं होतं, तेव्हापासून ही रीत पडली. महादेवरावांच्या आईनं तो घास वीस वर्षं खाल्ला, मग सुनेच्या ताटात तो आला. या गोष्टीच्या सालापर्यंत एकतीस वर्षं जमुनाबाईंनी तो खाल्ला होता. बोटभर काच त्यांनी तांदळातून काढलेली लोकांनी पाहिली होती. "जमुनाबाईनं निवडलं हाय" म्हटलं की कोणी पुन्हा ताटात वाकून पाहत नसे.

आता ते तीन दिवस.

सोमवारी जमुनाबाई भागीरथेला घेऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "चन्याची डाळ आपल्या घरून जाची हाय, दहा किलो. मी उद्या आली की करतो. तुमी कायले हात लावू नका." मंगळवारी फोन आला, की येणं होत नाही. महादेवराव म्हणाले, "तू फिकर नको करू." त्यांना वाटलं, आयुष्यात एकदा आपणही काही करून दाखवावं.

घरातला खायचा चणा बारीक होता, किडका निघाला होता. पण कोपऱ्यात बियाण्याची एक थैली पडून होती. दोन आणल्या होत्या. नाल्याकडच्या तुकड्यात पाणी साचलं आणि तिथं पेरणी झालीच नाही, तेव्हापासून एक तशीच राहिली होती. महादेवरावांनी तोंड सोडून पाहिलं. दाणा काय दाणा! बोराएवढा टपोरा, एकसारखा. फक्त लाल. बियाण्याला औषध लावलेलं असतं ना, कीड-बुरशी लागू नये म्हणून, तो रंग. थैलीवर लिहिलेलंही होतं, खाण्यासाठी वापरू नये. महादेवरावांनी ते तीनदा वाचलं. मग मनाशी म्हणाले, औषध तर वरून लावलेलं आहे. वरचं धुतलं की संपलं. त्यात डाळ करताना सालही निघतं. मग राहतं काय? देवाला द्यायचं, तर घरातला सर्वांत चांगला दाणा द्यावा. किडका चणा देवापुढं न्यायचा का?

शेतकऱ्याची अक्कल ही अशी. चांगलं बी दिसलं की डोळे फिरतात.

खरं तर त्यांनी मंगळवारपर्यंत वाटच पाहिली नव्हती. सोमवारीच, जमुनाबाईंची एसटी फाट्यावरून वळली तशी, टाकीजवळ बसून त्यांनी चणा धुवायला घेतला होता. पहिलं पाणी कुंकवासारखं निघालं. दुसरं गुलाबी. सातव्या पाण्याला तळाचा दगड दिसायला लागला. चैत्राचं ऊन, गच्चीवर चादर टाकून दोन दिवसांत चणा खडखडीत वाळला. बुधवारी हिवरखेडला जाऊन भरडून आणला. डाळ निघाली ती सोन्यासारखी. सालीची चुनी निघाली चांगली टोपलीभर. ती त्यांनी शेजारच्या लीलाबाईच्या शेळीला देऊन टाकली. मंडपात डाळ नेली तर बाया पाहतच राहिल्या. लीलाबाई म्हणाली, "भाऊजी, जमनाबाई नाही घरी तं तुमी लय हुशार झाले जी!" महादेवराव लाजले. ती डाळ मोठ्या पिपात सगळ्या गावच्या डाळीत मिसळली.

गुरुवारी, भंडाऱ्याच्या दिवशी, दहाच्या एसटीनं जमुनाबाई आल्या आणि पिशवी घरी न ठेवता थेट मंडपात गेल्या. तोवर दोन कढया डाळभाजी शिजून तयार होती. त्यांनी बायांना विचारलं, "निवडलं नं सारं?" बाया म्हणाल्या, "तुमच्या घरची तं निवडाचीच गरज नव्हती." जमुनाबाई हसल्या. दमलेल्या होत्या, तीन रात्री जाग्या होत्या. पुढं काही विचारलं नाही.

अमरावतीहून नितेश आला होता, सून आली होती, आठ वर्षांची आकांक्षा आली होती. पहिल्या पंगतीला पोरी बसवतात, तशी आकांक्षा नवा फ्रॉक घालून पोरींत बसली. महादेवरावांना मंडळानं फाटकाजवळ काम दिलं होतं, चपला-जोड्यांवर लक्ष ठेवायचं. खुर्ची टाकून ते बसले होते. पानं वाढली गेली. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, भात, शिरा, आणि ती डाळभाजी. आरती झाली. जमुनाबाई पंगतीच्या तोंडाशी बसल्या.

तेवढ्यात लीलाबाई पांदणीतून पळत आली. केस सुटलेले.

"भाऊजी, माही शेळी आडवी पडली जी! तोंडाले फेस येऊन राह्यला. काल तुमची चुनी दाबून खाल्ली तिनं. दुसरं काहीच नाही खाल्लं, आयची आन. काय झालं असंन जी तिले?"

महादेवरावांच्या कानात एकदम शिट्टी वाजली. समोर लीलाबाईचं तोंड हलत होतं, पण ऐकू काही येईना. डोळ्यासमोर ते पहिलं पाणी आलं, कुंकवासारखं. फाटकापासून पंगतीच्या तोंडापर्यंत साठ पावलं. तिथं जमुनाबाई रोडगा मोडत होत्या.

सांगायचं की नाही सांगायचं? आज हे ऐकून तुम्ही म्हणाल, यात विचार काय करायचा. पण भित्र्या माणसाचा जीव कसा असतो तुम्हाला ठाऊक नाही. त्यांच्या मनात आलं, शेळी उन्हानं पडली असेल तर? आपण उठून ओरडलो, आणि काहीच नसलं तर? एकतीस वर्षांचं तिचं नाव आपण आज सगळ्या गावासमोर मातीत घालायचं? आणि खरंच काही असलं तर? मग तर नावाचं राहूच द्या. पाय उचलेनात. एवढ्या वेळात माणूस दोनदा श्वास घेतो, बस एवढाच वेळ गेला असेल. पण तेवढ्या वेळात त्यांनी पाहिलं, की पोरींच्या पंगतीत आकांक्षानं रोडगा डाळीत बुडवला आणि तोंडात टाकला. शहरातली पोर. तिला रीत काय ठाऊक. तिनं दुसराही घास घेतला.

मग ते कसे गेले, त्यांनाच आठवत नाही. पायातल्या वाहणांसकट गेले. देवाच्या मंडपात, वाढलेल्या पानांमधून! सारी पंगत ओरडायला लागली. "वाहना काढा! आवो महादेवराव, वाहना!" "येडं झालं काय हे बुढं?" मंडळाचा अध्यक्ष प्रीतम माईकवरच ओरडला, "काका, चपला!" आणि महादेवरावांनी जमुनाबाईंचं मनगट धरलं. घास ओठांशी होता.

"चना बियान्याचा व्हता," ते म्हणाले. तोंडातून एवढंच निघालं.

जमुनाबाईंनी वर पाहिलं. शेतकऱ्याची बाई ती, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "औषधाचा?" त्यांनी विचारलं. महादेवरावांनी मान हलवली. "धुतला व्हता. सात पान्यानं," ते म्हणाले, आणि आपण काय बोलतो हे ऐकून त्यांचं त्यांनाच रडू फुटलं.

जमुनाबाईंनी घास ताटात ठेवला. उठल्या. प्रीतमच्या हातातून माईक घेतला. आवाज चढवला नाही, पण साऱ्या मंडपात एकेक शब्द ऐकू गेला.

"कोनी तोंडाले काही लावू नका. हातातला घास खाली ठेवा. लेकरायनं हात पुसा."

मग त्या पोरींच्या पंगतीत शिरल्या. एकेकीची हनुवटी धरून, "आ कर" म्हणत तोंडात पाहिलं. कोणीच खाल्लं नव्हतं. रीत गावच्या पोरींच्या हाडात होती. आकांक्षापाशी आल्या. तिच्या ओठाला डाळ लागलेली.

"किती खाल्लं, माय?"

"दोन घास. आजी, मी काय चूक केली का?"

"नाही. तू काहीच नाही केलं," जमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं तिचे ओठ पुसले, तो पदर आतल्या बाजूला गुंडाळला, आणि तिला कडेवर घेतलं. आठ वर्षांची पोर, चांगली जड. महादेवरावांनी पुढं हात केला तर त्यांनी नुसतं डोळ्यानं नको म्हटलं.

"नितेश, गाडी काढ. प्रीतम, त्या दोनी कढया गड्ड्यात वत आन् वरतून माती टाक, कुत्र्याढोरायनं बी तोंड लावलं नाही पाहिजे. बाकीचं वेगळ्या भांड्यातलं हाय, ताटं बदला आन् पंगत बसवा. आन् तुमी," हे महादेवरावांना, "थैली आना. बियान्याची. डॉक्टर मांगन."

प्रीतमनं माईक परत घेतला होता, तो चालूच होता. "पन काकी, डाळ कोनाची व्हती ते तं सांगा. गावाले समजलं पाहिजे."

साऱ्या गावाच्या माना फाटकाकडं वळल्या. लेकरांच्यासुद्धा. महादेवरावांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. जमुनाबाई फाटकातून मागं वळल्या.

"आमच्या घरची. यायनं देल्ली. मी घरी नव्हती, पन घर माहंच हाय."

एवढं बोलून त्या गाडीत बसल्या.

हिवरखेडहून तेल्हाऱ्याचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. एरवी गप्पांत कधी सरतो कळत नाही. त्या दिवशी तो सरेना. नितेश गाडी चालवत होता. सून मागं, रडणं गिळत. मधे जमुनाबाई, मांडीवर आकांक्षा. महादेवराव पुढं, मांडीवर ती रिकामी थैली घडी करून धरलेली, त्यावरची लाल अक्षरं बोटाखाली झाकलेली. पण बोटं किती झाकणार. वाचलेलं होतं ना, तीनदा.

दुपारचं ऊन, गाडीचा हेलकावा. आकांक्षाचे डोळे मिटायला लागले. मान आजीच्या दंडावर कलंडली. सून किंचाळली, "आई, ती झोपतेय!"

"झोपू नको. आकांक्षा! उठ. सतराचा पाढा म्हन."

"आजी, झोप येतेय गं..."

"पाढा म्हन आधी. तुया बापाच्या क्लासात लेकरं म्हनतात, तुले येत नाही काय? सतरा एके."

"सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..." पोर म्हणायला लागली. महादेवराव पुढं पाहत होते, पण सारा जीव कानात. सतरा पंचे पंच्याऐंशी. सतरा सक एकशे दोन. सतरा साते... आकांक्षा थांबली. जीभ अडखळली. "सतरा साते एकशे... एकशे सतरा?"

संपलं, महादेवराव मनात म्हणाले, औषध डोक्यात गेलं. ते शेजारी वळून ओरडले, "नितेश! गाडी पयव!"

नितेश म्हणाला, "बाबा, ते तिचं नेहमीच चुकतं."

गाडीत कोणी हसलं नाही. आज आठवून हसायला येतं, पण त्या गाडीत हसणारं कोणी नव्हतं. "पुन्यांदा म्हन," जमुनाबाई म्हणाल्या. "सतरा एके." तेल्हाऱ्याची पाण्याची टाकी दिसेपर्यंत पोरीनं सतराचा पाढा चार वेळा म्हटला, आणि चारही वेळा सातला चुकली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं थैली घेतली, त्यावरचं औषधाचं नाव वाचलं, कोणाला तरी फोन लावला, पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोट दाबलं, नाडी धरली. महादेवराव दाराच्या चौकटीशी उभे. डॉक्टरनं त्यांना विचारलं, "काका, धुतला होता का?" ते म्हणाले, "व्हय. सात पान्यानं." "साल काढलं होतं?" "व्हय." "दोनच घास?" "दोनच." डॉक्टरनं थैलीवरचं पुन्हा एकदा वाचलं. तेवढा वेळ महादेवरावांच्या आयुष्यातला सर्वांत लांब वेळ. "बहुतेक काही होणार नाही," तो म्हणाला. "पण बहुतेकवर मी पोरीला घरी सोडत नाही. सहा वाजेपर्यंत इथं राहू द्या."

एक वाजला होता. सहापर्यंत पाच तास. तुम्ही म्हणाल, त्यात काय. तुम्ही एकदा बसून बघा. सून पोरीच्या उशाशी, नितेश बाहेर फेऱ्या मारतोय, भिंतीवर घड्याळ, त्याचा काटा पुढं सरकताना ठक्‌ करून वाजतो. पोर खोकली की चौघं उठून उभे. पोर पाणी मागे, की चौघांच्या मनात, पाणी का मागतेय? पोरीनं एकदा विचारलं, "आजोबा, तुम्ही माझ्याजवळ का नाही येत?" महादेवराव जवळ गेले नाहीत. आपल्या हातांकडं पाहत राहिले. त्याच हातांनी चणा चोळला होता.

चारच्या सुमाराला जमुनाबाईंचा फोन वाजला. लीलाबाई होती. फोनमधला आवाज साऱ्या खोलीत ऐकू येत होता. "जमनाबाई, शेळी उठली व! पोट फुगलं व्हतं तिचं, लय चुनी खाल्ली नं बिचारीनं. ढोराच्या डॉक्टरनं तेल पाजलं, आता उभी हाय, पाला खाऊन राह्यली." मग मागून प्रीतमचा आवाज आला, त्यानं फोन घेतला होता. "काकी, उगाच दोन कढया डाळभाजी मातीत गेली नं. सारं गाव हासून राह्यलं."

महादेवरावांनी खाली मान घातली. जमुनाबाईंनी पोरीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं.

"हासू दे, बापू," त्या म्हणाल्या. "हासून राह्यलं म्हंजे जित्तं हाय."

आणि फोन ठेवला.

ती डाळ विषारी होती की नव्हती, हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. शेळी चुनीनं पडली, की चुनीतल्या औषधानं, की नुसत्या खादाडपणानं, हे शेळीलाच माहीत. गावात यावर अजून दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांतली माणसं पारावर बसून भांडतात. महादेवराव त्यात कधी पडत नाहीत. पण त्या वर्षापासून त्यांच्या घरात बियाण्याची थैली दारापासूनच शेतात जाते, उंबऱ्याच्या आत येत नाही.

सहाला डॉक्टरनं पुन्हा तपासलं. पुन्हा नाडी, पुन्हा बॅटरी. म्हणाला, "न्या. रात्री काही वाटलं तर लगेच आणा." आकांक्षा खाटेवरून उडी मारून उतरली आणि व्हरांड्यात पळाली. सून तोंड झाकून रडली. नितेश पायरीवर मटकन बसला.

व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. जमुनाबाई तिथं जाऊन पदराचा तो गुंडाळलेला भाग सोडून धुवायला लागल्या. महादेवराव मागं मागं गेले. दिवसभर त्यांच्या मनात एकच घोळत होतं. पंगतीत त्यांनी तिचं मनगट धरलं होतं तेव्हा ते गार होतं. दोन्ही हातांनी तिनं माईक धरला होता तेव्हा तिचा आवाज मात्र सरळ होता. एकतीस वर्षं ती तो घास खात आली, साप, दवाखाने, राजापेठेचा रस्ता, सगळं. आणि ते स्वतः दोन श्वास जागेवर थिजून राहिले होते. तेवढ्यात पोरीनं दोन घास खाल्ले. हे त्यांनी तिला अजून सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. एका दमात सांगितलं, खाली पाहून. ती रागावेल याचीच वाट पाहत होते. ती पदर पिळत राहिली.

मग त्यांनी विचारलं, "नितेशची माय, तुले भेव नाही वाटत काय वो कधी? खरं सांग."

पळत पळत आकांक्षा आजोबांकडंच येत होती, दोन्ही हात पुढं करून. जमुनाबाईंनी पदर झटकला, नवऱ्याकडं वळून पाहिलं, आणि म्हणाल्या:

"वाटत नाही? आवो, मले साऱ्याचंच भेव वाटते. लगन होऊन आली तवापासून सकाळी उठलं की पयले भेव येते, मंग च्या. तो घास तोंडात टाकतानी दर साली पोटात गोळा येते माह्या. भेव वाटते म्हनून तं दाना दाना पाहत बसावं लागते, नाही तं कायले डोये फोडून घेतले असते? तुमी दोन श्वास थांबले, मी तं तीन दिवस अकोल्यात बसून घरी काय चाललं हे विचारलंच नाही. आता ते जाऊ द्या. आधी हात धुवा इथं, साबन लावून, दोन डाव. मंगच पोरीले उचला."